अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कॉलेजातला पहिला हिवाळा: काय घालायचं आणि कधी काढायचं

पहिल्या हिवाळ्यातला माझा सगळ्यात वाईट दिवस सुरू झाला तो घामानं. बाहेर उणे बारा अंश. म्हणून मी सुती टी-शर्टवर दोन जाड स्वेटर चढवले, वर एक हलकं जॅकेट आणि खाली जीन्स. वर्गात हीटर जोरात चालू होता. जॅकेट काढलं, एक स्वेटर काढला. दुसरा काढायला गेले तर त्याच्याबरोबर टी-शर्टही वर सरकायला लागला, आणि मागे वर्ग खच्चून भरलेला. तशीच सव्वा तास उकडत बसले. तास संपल्यावर बसस्टॉपवर येऊन उभी राहिले, तर पाचव्या मिनिटाला पाठीवर कुणीतरी ओलं फडकं टाकल्यासारखं झालं. बस आली वीस मिनिटांनी. त्यानंतर दोन दिवस मी अंथरुणात होते.

अंगावर कपडे कमी नव्हते. ऊब चुकीच्या थरात होती, एवढंच.

थंडीच्या कपड्यांबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक गिर्यारोहकांसाठी असतात. ती मंडळी दिवसभर बाहेर असतात. तुमचा दिवस तसा नसतो. दहा मिनिटं बाहेर उणे पंधरामध्ये, मग तासभर आत एकवीस-बावीस अंशांत, परत सात मिनिटं बाहेर, परत आत. असं दिवसातून आठ-दहा वेळा. त्यामुळे कुठलाही कपडा घेताना स्वतःला दोन प्रश्न विचारा: हा ऊब किती देतो, आणि भरल्या वर्गात, बसल्या जागी, कुणाला कोपर न लागता काढता येतो का? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा विचारला असता तर माझे ते दोन दिवस वाचले असते.

खाली जे लिहिलंय ते अमेरिकेच्या उत्तर पट्ट्यातल्या कॉलेजांना धरून आहे: मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, न्यूयॉर्क राज्याचा वरचा भाग. कॅनडात जाणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

पहिली पायरी: आकडा वाचायला शिका

तिथे हवामान फॅरनहाइटमध्ये सांगतात. तीन आकडे पाठ करून टाका. ३२ म्हणजे आपलं शून्य, जिथे पाणी गोठतं. शून्य फॅरनहाइट म्हणजे साधारण उणे १८ सेल्सिअस. आणि उणे ४० ला दोन्ही मापं एकच होतात, तिथे भाषांतराची गरजच उरत नाही. मिनेसोटातल्या मिनियापोलिसमध्ये जानेवारीतला सरासरी दिवस उणे पाचच्या आसपास असतो आणि रात्र उणे तेराच्या. ही सरासरी झाली. ३० जानेवारी २०१९ ला तिथला पारा उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला होता.

पण नुसत्या पाऱ्यावर कपडे ठरवू नका. त्याच्या शेजारी 'विंड चिल' नावाचा दुसरा आकडा असतो, तो बघा. आपल्या अंगाभोवती स्वतःच्या उबेनं तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून नेतो, म्हणून शरीर जास्त वेगानं गार पडतं. पारा उणे १८ असताना ताशी २४ किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेच्या दृष्टीनं ते उणे २८ असतं आणि साधारण अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. आज वापरतात ते गणित अमेरिका आणि कॅनडानं मिळून २००१ मध्ये ठरवलं. हवामान खात्याकडून फोनवर 'एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग' आली की त्या दिवशी फॅशनचा विचार बाजूला ठेवायचा.

यातली कामाची गोष्ट अशी की विंड चिल फक्त उघड्या त्वचेला लागू पडतं. वारा अडवणारा एक पातळ थर चेहऱ्यावर, कानांवर, मनगटांवर आला की त्या भयानक आकड्यातली निम्मी भीती संपते.

आणखी एक. सगळ्या 'थंड' जागा सारख्या थंड नसतात. मिनेसोटाची थंडी कोरडी. बर्फ भुसभुशीत, झटकला की पडून जातो. महासरोवरांच्या, म्हणजे 'ग्रेट लेक्स'च्या, काठची थंडी ओली. सरोवरावरून येणारा वारा पाणी उचलून आणतो आणि काठावर बर्फ ओततो. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये वर्षाला शंभर इंचांहून जास्त बर्फ पडतो. तिथे पारा शून्याच्या आगेमागे घुटमळत राहतो, त्यामुळे बर्फ, पाऊस आणि चिखल असं तिन्ही एकाच दिवशी मिळतं. माझ्या मते ही ओली थंडी जास्त त्रासाची. तुमचं कॉलेज कुठल्या प्रकारात मोडतं हे आधी बघा, कारण कोट आणि बूट त्यावर ठरतात.

दुसरी पायरी: खरेदी, आणि तीसुद्धा क्रमानं

गरम प्रदेशातून निघताना तिथल्या दुकानातला 'सगळ्यात जाड' कोट घेऊन येऊ नका. तो ज्या थंडीसाठी शिवलेला असतो ती थंडी वेगळी. बॅगेत जागा घेणारा हा कोट पुढे ऑक्टोबरभर वापरला जातो आणि नोव्हेंबरात कपाटात जातो. आणायचंच असेल तर पातळ थर्मलचे दोन-तीन जोड, लोकरीचे मोजे आणि एक कानटोपी आणा. बाकी सगळं तिथे.

सत्र ऑगस्टअखेर सुरू होतं, तेव्हा लोक अर्ध्या चड्डीत फिरत असतात आणि कोटाची आठवणही होत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बूट आणि कोट हाताशी हवेत. जानेवारीच्या शेवटी सेल लागतात हे खरं, पण तोवर नेहमीची मापं संपलेली असतात आणि तुमची निम्मी थंडी कुडकुडण्यात गेलेली असते. मे महिन्यात पदवी घेऊन गरम राज्यांत निघालेले सीनियर चांगले कोट अक्षरशः देऊन टाकतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. जुना कोट घेताना दोन गोष्टी तपासायच्या: चेन खालपासून वरपर्यंत न अडकता जाते का, आणि आतलं भरण मुठीत दाबून सोडल्यावर परत फुगतं का. गोळे लागले असतील तर फुकट मिळाला तरी नको.

पैसे मोजके असतील तर आधी बूट, मग कोट, मग बाकीचं. बहुतेक जण उलट करतात.

बूट

बर्फ म्हटलं की डोळ्यांसमोर पांढराशुभ्र गालिचा येतो. कॅम्पसवर तो पहिले काही तासच टिकतो. नंतर फुटपाथच्या कडेला, जिथे रस्ता ओलांडायला उतरायचं असतं नेमकं तिथे, एक राखाडी सपाट पट्टा दिसतो. दिसायला घट्ट बर्फ. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो, कारण तो बर्फ, मीठ आणि गोठणाऱ्या पाण्याचा लगदा असतो. जाळीचे धावायचे बूट घालून त्यात उतरलात तर मोजा भिजायला एक सेकंद लागतो, आणि तो पुढे दिवसभर वाळत नाही. पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. ओला पाय गरम राहूच शकत नाही, वर मोजे कितीही घाला.

म्हणून बूट घोट्याच्या वर येणारा, पूर्ण जलरोधक आणि आतून अस्तर असलेला हवा. अस्तर काढून वाळवता आलं तर उत्तम. तळवा मऊ रबराचा आणि खोल खाचांचा. कडक तळवे थंडीत आणखी कडक होतात आणि मग बर्फावर काचेसारखे घसरतात. दुकानात जाताना हिवाळ्यात घालणार तेच जाड मोजे घालून जा. बूट चढवल्यावर आत पायाची बोटं मोकळी हलली पाहिजेत. न हलल्यास अर्धा नंबर मोठा घ्या. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्तप्रवाह दबतो, हवेचा थरही चेपला जातो आणि पाय आणखी गार पडतात. एकच चांगला लोकरीचा मोजा दोन सुती मोज्यांना भारी.

बुटाच्या डब्यावर 'उणे ४०' वगैरे छापलेलं असतं त्यावर फार विसंबू नका. प्रत्येक कंपनी तो आकडा आपापल्या पद्धतीनं काढते. शिवाय चालणारा पाय आणि बसस्टॉपवर उभा असलेला पाय यांत खूप फरक आहे.

वर्गात दिवसभर हे बूट घालून बसलात तर पाय घामेजतात, आणि मग बाहेर तोच ओल्या पायाचा प्रकार. बॅगेत किंवा लॉकरमध्ये साधे हलके बूट ठेवा आणि आत गेल्यावर बदला. संध्याकाळी खोलीवर आल्यावर अस्तर बाहेर काढून वाळत ठेवायचं, बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालायचे. हीटरला टेकवून ठेवू नका. चामडं तडकतं आणि तळव्याचा गोंद सुटतो. रस्त्यावरच्या मिठानं बुटावर पांढरे नकाशे उमटतात. निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर एकत्र करून फडक्यानं पुसले की जातात.

चालण्याबद्दल इथेच सांगून टाकते. दुपारी थोडं वितळून रात्री पुन्हा गोठलेला पातळ बर्फ डांबरावर दिसतच नाही, नुसता रस्ता ओला असल्यासारखा वाटतो. त्याला 'ब्लॅक आइस' म्हणतात. सकाळी आठच्या तासाला पळत जाणारे बरेच जण याच्यावरच आपटतात. पावलं छोटी टाका, तळवा सपाट पडू द्या, अंगाचा भार पुढच्या पायावर ठेवा आणि हात खिशाबाहेर. बदक चालल्यासारखं दिसतं, दिसू दे. पारा उणे ९-१० च्या खाली गेला की साधं मीठ फारसं काम करत नाही, म्हणून कडाक्याच्या दिवशी मीठ टाकलेल्या पायऱ्यांवरही भरवसा नको. रोज लांब चालत जावं लागत असेल तर बुटावर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात ते घ्या. इमारतीत शिरताना मात्र काढा, फरशीवर ते बर्फाहून जास्त घसरतात.

कोट

माझ्या त्या फसलेल्या दिवसाचं उत्तर इथे आहे. जास्तीत जास्त ऊब सगळ्यात बाहेरच्या कपड्यात ठेवायची, कारण तोच एका झटक्यात निघतो. आत शक्य तेवढं हलकं. दोन जाड स्वेटर आणि पातळ जॅकेट यापेक्षा एक पातळ थर्मल, एक मधला थर आणि खरोखर गरम कोट ही जोडी विद्यार्थ्यासाठी कितीतरी बरी.

कोट मांडीच्या मध्यापर्यंत लांब हवा. कमरेपर्यंतचं जॅकेट दिसायला छान, पण वारा खालून आत घुसतो आणि गोठलेल्या बाकावर बसायची सोय राहत नाही. टोपी कोटालाच जोडलेली आणि पुढे झुकणारी असावी. चेनीवर वारा अडवणारी पट्टी, बाहीच्या आत मनगटाला धरणारी विणीची पट्टी, आणि जमल्यास दोन्ही बाजूंनी उघडणारी चेन. ती खालून थोडी उघडली की बसमध्ये नीट बसता येतं. दुकानात एक चाचणी जरूर करा. जाड हातमोजे घालून चेन लावा आणि काढा. जमलं नाही तर तो कोट तुमचा नाही, कारण उणे वीसमध्ये तुम्ही रोज सकाळी त्या चेनीसाठी हातमोजे काढणार आहात.

भरण दोन प्रकारचं असतं. 'डाउन' म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीकडची मऊ पिसं: हलकं, अतिशय गरम, पण भिजलं की चोथा होतं. दुसरं कृत्रिम धाग्याचं: थोडं जड, पण ओलं झालं तरी बरीच ऊब टिकवतं आणि पिसं नको असणाऱ्यांनाही चालतं. कोरड्या थंडीत डाउन घ्या. ओल्या थंडीत कृत्रिम भरणाचा घ्या किंवा डाउनवर जलरोधक कापड आहे याची खात्री करा. डाउनच्या लेबलवर ५५०, ६५०, ८०० असे 'फिल पॉवर'चे आकडे असतात. पिसं किती फुगतात हे तो आकडा सांगतो. कोटात पिसं किती भरली आहेत हे सांगत नाही. ८०० चा पातळ कोट ६०० च्या जाडजूड कोटापुढे गार पडू शकतो. विकणारे मोठा आकडा दाखवतात, तुम्ही कोट हातात घेऊन बघा.

माप घेताना आत मधला थर घालून बघा. दोन्ही हात पुढे करून मिठी मारल्यासारखं केलं तर पाठीत ओढता कामा नये.

आतले थर

अंगाला लागून सुती काही नको. सुती कापड घाम पितं आणि तो धरून बसतं. मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं पातळ थर्मल घ्या. मेरिनोला वास लवकर येत नाही, त्यामुळे धुण्याच्या खेपा वाचतात. कॉलेजात हा गुण ऊब मिळण्याइतकाच मोलाचा. जाड थर्मलच्या मोहात पडू नका, ते वर्गात काढता येत नाही. पायातल्या थर्मलचं तर हे दुप्पट खरं. मी उणे दहापर्यंत पायात थर्मल घालतच नाही, लांब कोट पुरतो. त्याखाली गेलं तर सगळ्यात पातळ जोड. जीन्सवर ज्यांचं फार प्रेम आहे त्यांनी ती कोरड्या, वारा नसलेल्या दिवसांसाठी ठेवावी. वाऱ्यात ती मांडीला थंडगार पत्र्यासारखी लागते.

मधला थर फ्लीसचा (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा) किंवा लोकरीचा, आणि पुढून पूर्ण चेन असलेला. डोक्यातून काढायचा स्वेटर वर्गात आपल्याला कसा अडकवतो ते वर सांगितलंच.

हात, कान, चेहरा

पाच बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहणारे 'मिटन' जास्त गरम, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. फोन वापरायला आत पातळ हातमोजे घाला, वर मिटन. मिटन काढून फोन बघितला तरी हात पूर्ण उघडा पडत नाही.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं सांगणारे भेटतील. ते खरं नाही. डोकं उघडं असेल तर साधारण त्याच्या आकाराच्या प्रमाणातच, म्हणजे दहाएक टक्के जाते. तरी टोपी हवीच, आणि ती कान पूर्ण झाकणारी हवी, कारण आधी कान, नाक आणि बोटंच गोठतात. मफलरपेक्षा गळ्यात घालायचा नळीसारखा गळपट्टा बरा: सुटत नाही, नाकावर ओढता येतो. श्वासानं तो ओला होऊन कडक होतो, तेव्हा फिरवून कोरडी बाजू पुढे घ्यायची. चष्मेवाल्यांनी तो नाकावर आवळून घ्यावा, नाहीतर वाफ थेट काचांवर. आत शिरल्यावर मात्र चष्मा धुरकटणारच, दोन मिनिटं दाराशी आंधळ्यासारखं उभं राहण्याची सवय करून घ्या.

सकाळी केस धुऊन ओलेच बाहेर पडू नका. मी एकदा पडले. वसतिगृहापासून वर्गापर्यंत जाईतो बटांच्या काड्या झाल्या होत्या, मान हलवली की कटकट वाजत होत्या. धातूची मोठी कानातली त्या दिवसांत पेटीत राहू द्या. घरातली तापवलेली हवा कोरडीठाक असते, त्यामुळे ओठांचा मलम आणि जाड क्रीम हेही कपड्यांइतकंच रोजचं.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. आयफोनसाठी कंपनी शून्य ते ३५ अंश हीच योग्य हवा सांगते. बाहेरच्या खिशात उणे वीसमध्ये तो चाळीस टक्के बॅटरी दाखवता दाखवता बंद पडतो, आणि बसची वेळ त्यातच असते.

रोजची कवायत

निघताना आधी बूट, मग मधला थर, टोपी, गळपट्टा, सगळ्यात शेवटी कोट आणि मिटन. कोट घालून बूट बांधायला वाकलात तर दारातच घाम फुटतो. बाहेर पडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं किंचित गार वाटलं पाहिजे. चालायला लागलं की बरोबर होतं. पहिल्याच पावलाला उबदार वाटलं तर जास्त घातलंय असं समजा. बसची वाट बघायची असेल तर हिशोब उलटा, कारण उभं राहिलेलं शरीर फार कमी उष्णता बनवतं. त्या दिवशी एक थर जास्त घ्या, किंवा बस फोनवर जवळ दिसेपर्यंत इमारतीच्या आत थांबा.

आत शिरलात की गरम व्हायची वाट न बघता लगेच चेन उघडा. टोपी, गळपट्टा आणि मिटन कोटाच्या एका बाहीत कोंबून ठेवा. खिशातून पडतात, बाहीतून पडत नाहीत, आणि कोट घालायला गेलं की हात त्यांच्यावरच आदळतो. ही युक्ती कळण्याआधी मी एका हिवाळ्यात तीन मिटन हरवले, तेही तीन वेगवेगळ्या जोडांतले.

डिसेंबरात मिनियापोलिसकडे साडेचारलाच सूर्य मावळतो. काळा कोट असेल तर बॅगेवर चमकणारी पट्टी लावा. बर्फाच्या ढिगाऱ्यांमागून रस्त्यावर उतरणारा माणूस गाडीवाल्याला दिसत नाही.

कधी थांबायचं

बोट, कान किंवा नाक आधी दुखतं, झोंबतं. मग दुखायचं थांबतं. थांबलं म्हणून बरं वाटून घेऊ नका, तीच धोक्याची वेळ. त्वचा बधिर, फिकट किंवा राखाडी, मेणासारखी लागली तर लगेच आत जा. सावळ्या त्वचेवर रंग चटकन कळत नाही, तेव्हा हातानं चाचपून बघा. चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. कोमट पाण्यात धरा. हीटरवर नको, बधिर त्वचा भाजलेली कळत नाही. संवेदना परत आली नाही किंवा फोड आले तर डॉक्टर. कुणी खूप कुडकुडत होतं आणि आता थांबलंय, जीभ जड झालीय, अडखळतंय, तर ९११ या आपत्कालीन नंबरला फोन करा.

शनिवारी रात्री पार्टीला जाताना कोट कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो म्हणून बरेच जण कोटाशिवाय निघतात. दारू प्यायल्यावर गरम वाटतं ते त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरल्यामुळे. प्रत्यक्षात शरीर उष्णता जास्त घालवत असतं. अशा रात्रीसाठी हरवला तरी चालेल असा जुना कोट ठेवा, पण घालून जा.

मार्च आणि त्यानंतर

मार्चमध्ये एखाद्या दुपारी पारा पाचवर जातो आणि अख्खं कॅम्पस टी-शर्टात बाहेर येतं. मजा करा, पण कोट आवरायची घाई करू नका. एप्रिलातही बर्फ पडतो. शेवटी आवराल तेव्हा लोकरीचे कपडे गार पाण्यात धुऊन सपाट वाळवा, टांगले तर लांबतात. डाउनचा कोट सौम्य साबणानं धुवा आणि ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून वाळवा, म्हणजे पिसांचे गोळे फुटतात. एका फेरीत वाळत नाही, दोन-तीन लागतात. तो पिशवीत दाबून भरू नका, सैल टांगून ठेवा. आणि मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे बघा. माझ्या कोटात दर वर्षी ओठांच्या मलमाच्या दोन नळ्या निघतात, आणि एक एकटा मिटन.